श्री नृसिंहसरस्वती स्वामी महाराज : मान, वैराग्य आणि दंभनिरसन

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्याच्या अफझलपूर तालुक्यात, भीमा आणि अमरजा या नद्यांच्या संगमाजवळ श्रीक्षेत्र गाणगापूर वसलेले आहे. महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगणा आणि गोमंतकातून लाखो भाविक येथील निर्गुण पादुकांच्या दर्शनास येतात. संगमस्नान, अष्टतीर्थांची यात्रा, औदुंबराखाली श्रीगुरुचरित्राचे पारायण आणि माध्यान्ही मागितलेली माधुकरी हा येथील पूर्वापार क्रम आहे. या क्षेत्राला ज्यांच्यामुळे महत्त्व आले, त्या श्री नृसिंहसरस्वती स्वामी महाराजांचे चरित्र बहुतेक भाविकांना ठाऊक असते. परंतु चमत्कारांच्या कथा वाचताना त्या चरित्रातील एक सूत्र आपल्या नजरेतून निसटते. ते सूत्र असे की, श्रीगुरूंवर त्यांच्या हयातीतच दांभिकपणाचा आरोप झाला होता आणि तो आरोप करणारे स्वतः एक सत्त्वस्थ संन्यासी होते. या आरोपाला श्रीगुरूंनी कसे उत्तर दिले, राजसत्तेकडून आलेला मान त्यांनी कसा स्वीकारला आणि कोठे थांबवला, हे समजून घेण्यासाठी हा लेख आहे.

चरित्राचा आधार

श्रीगुरूंच्या चरित्राचा मुख्य आधार म्हणजे श्री सरस्वती गंगाधर यांनी रचलेला श्रीगुरुचरित्र हा ग्रंथ. ग्रंथकर्त्याने आपली वंशपरंपरा ग्रंथात दिली आहे. श्रीगुरूंचे शिष्य सायंदेव, त्यांचे पुत्र नागनाथ, त्यांचे देवराव, त्यांचे गंगाधर आणि त्यांचे पुत्र सरस्वती, असा तो क्रम आहे. या घराण्याचे कडगंची हे गाव कलबुर्गी जिल्ह्याच्या आळंद तालुक्यात आहे. आपल्याला मराठी भाषा नीट येत नाही, अशी कबुली ग्रंथकर्त्याने आरंभीच दिली आहे. कन्नड मुलखातील एका भक्ताने आपली उणीव न लपवता मराठीत लिहिलेला हा ग्रंथ आज मराठी घराघरांत वाचला जातो. सीमाभागातील दोन्ही भाषांच्या स्नेहाचे याहून थोर उदाहरण क्वचितच सापडेल.

जन्म, मौन आणि संन्यास

श्रीगुरूंचा जन्म सुमारे इ.स. १३७८ मध्ये वऱ्हाडातील कारंजा येथे झाला. हे गाव आज वाशीम जिल्ह्यात आहे. पित्याचे नाव माधव आणि मातेचे अंबा. बालकाचे नाव नरहरी ठेवण्यात आले. जन्मताच या बालकाने ओंकाराचा उच्चार केला आणि पुढे मुंज होईपर्यंत ओंकारावाचून दुसरा शब्द उच्चारला नाही, असे पोथी सांगते. मूल मुके निघाले म्हणून आईवडील व्याकूळ झाले आणि गावाने नाना तर्क केले. मौंजीबंधनाच्या वेळी मातेने भिक्षा घालताच बाळाच्या मुखातून वेदमंत्र बाहेर पडले.

त्याच वेळी नरहरीने संन्यासासाठी घर सोडण्याची अनुज्ञा मागितली. मातेचा शोक पाहून त्याने तिला आणखी पुत्र होईपर्यंत थांबण्याचे मान्य केले आणि दोन जुळ्या भावांचा जन्म झाल्यावरच प्रयाण केले. तीस वर्षांनी पुन्हा भेटेन, असे आईला दिलेले वचनही त्याने पाळले. ज्याला जगाचा त्याग करायचा आहे, त्यानेही जवळच्या माणसांना दिलेला शब्द मोडू नये, हा धडा येथेच मिळतो.

काशीक्षेत्री वयोवृद्ध श्रीकृष्ण सरस्वती यांच्याकडून त्यांनी संन्यासदीक्षा घेतली आणि ते नृसिंहसरस्वती झाले. त्यानंतर उत्तरेकडील तीर्थे करून, कारंजास मातापित्यांना भेटून ते गोदातीरी आले.

गोदातीरी त्यांना सायंदेव भेटले. सायंदेव एका सत्ताधीशाच्या सेवेत होते आणि तो सत्ताधीश अत्यंत क्रूर होता. त्याने त्यांना जीव घेण्याच्या हेतूने बोलावले होते. मृत्यू समोर दिसत असतानाही सायंदेवांनी श्रीगुरूंची पूजा आणि भिक्षा यांत कसूर केली नाही. श्रीगुरूंनी त्यांना पळून जाण्यास सांगितले नाही. निर्भयपणे दरबारात जाण्यास सांगितले. सायंदेव गेले आणि सन्मानाची वस्त्रे घेऊन सुखरूप परतले. सत्तेच्या सावलीत काम करणाऱ्या माणसाला श्रीगुरूंनी पहिला उपदेश केला तो असा निर्भयतेचा.

कीर्ती वाढली की दूर होणे

श्रीगुरूंची ख्याती पसरली तसे लोक जमू लागले. त्यांत साधक होते, तसेच केवळ कामना घेऊन येणारेही होते. कोणाला धन हवे, कोणाला पद हवे, कोणाला थोर पुरुषाच्या निकट वावरल्याची प्रतिष्ठा हवी. अशा वेळी बहुतेक मठ मोठे होतात, शिष्यशाखा वाढतात. श्रीगुरूंनी मात्र शिष्यांना निरनिराळ्या तीर्थांच्या यात्रेस पाठवून दिले आणि स्वतः परळी वैजनाथ येथे सुमारे वर्षभर गुप्त राहिले.

पुढे कृष्णाकाठी औदुंबर येथे त्यांनी एक चातुर्मास केला. हे क्षेत्र सांगली जिल्ह्यात असून तेथे विमल पादुका आहेत. नंतर कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमावर, कोल्हापूर जिल्ह्यातील आजच्या नरसोबावाडीस, त्यांचे १२ वर्षे वास्तव्य झाले. तेथील मनोहर पादुका सर्वपरिचित आहेत. या काळातील एक कथा प्रसिद्ध आहे. एका दरिद्री ब्राह्मणाच्या दारी घेवड्याचा वेल होता आणि त्याच्या शेंगांवर त्या कुटुंबाची गुजराण चाले. श्रीगुरूंनी त्याच्याकडे भिक्षा घेतली आणि जाताना तो वेल उपटून टाकला. घरातील स्त्री रडू लागली. वेलाचे मूळ खणताना मात्र द्रव्याने भरलेला कुंभ सापडला. भिक्षेसाठी त्यांनी निवडलेले घर कोणते होते, हे या कथेत लक्षात ठेवण्यासारखे आहे.

येथेही कीर्ती वाढली आणि श्रीगुरूंनी पुन्हा स्थान बदलले. पादुका ठेवून ते भीमातीरी गाणगापुरास आले.

गाणगापूर : गरिबाचे घर आणि राजाची पालखी

गाणगापुरास श्रीगुरू प्रथम संगमावर एकांतात राहत आणि माध्यान्ही गावात भिक्षेस येत. गावात संपन्न, वेदसंपन्न घरे पुष्कळ होती. त्या घरांना हे यती आपल्याकडे येतील असे वाटे. परंतु श्रीगुरू एका अत्यंत निर्धन ब्राह्मणाच्या घरी वारंवार जात. त्या घरात एक वांझ आणि वृद्ध म्हैस होती. तिला दात उरले नव्हते. माती वाहण्यासाठी ती भाड्याने दिली जाई आणि त्यावर घर चाले. एके दिवशी घरात घालायला काही नव्हते, तेव्हा श्रीगुरूंनी म्हशीचे दूध मागितले. ती माउली संकोचली, पण गुरुवचन प्रमाण मानून दोहायला बसली आणि म्हशीने भांडी भरून दूध दिले.

ही वार्ता गावच्या अधिपतीपर्यंत गेली. तो सहपरिवार संगमावर आला आणि श्रीगुरूंनी गावात राहावे अशी प्रार्थना करू लागला. श्रीगुरूंनी भक्तांच्या कल्याणासाठी ती मान्य केली. अधिपतीने त्यांना पालखीत बसवले, वाद्ये वाजवली, छत्रचामरे धरली आणि मिरवीत गावात आणले. गावाच्या एका बाजूस पिंपळावर ब्रह्मराक्षसाचा वास असल्याच्या भीतीने एक घर ओस पडले होते. श्रीगुरूंनी त्याला मुक्ती देऊन तेच स्थान मठासाठी घेतले. लोकांना जे नको होते, तेथे मठ झाला. पुढे श्रीगुरू संगमावर अनुष्ठानास निघाले की अधिपती मोठ्या लवाजम्यासह त्यांना पालखीतून नेत असे आणि परत आणत असे.

येथून चरित्रातील खरा प्रश्न सुरू होतो. दंड-कमंडलू धारण करणारा संन्यासी पालखीत कसा बसतो?

त्रिविक्रम भारतींचा आक्षेप

कुमसी गावी त्रिविक्रम भारती नावाचे एक तपस्वी संन्यासी राहत. ते श्रीनृसिंहाचे उपासक होते, वेदज्ञ होते आणि नित्य मानसपूजा करीत. गाणगापुरच्या यतींचा थाट ऐकून त्यांना विषाद वाटला. संन्यासधर्मात असे वैभव बसत नाही, हा यती दांभिक आहे, असे ते उघड बोलू लागले.

हा आक्षेप मत्सरी माणसाचा नव्हता. शास्त्राच्या दृष्टीने तो योग्यच होता. धर्माच्या नावाने ऐश्वर्य भोगणारे लोक प्रत्येक काळी असतात आणि त्यांना ओळखण्याची पहिली खूण त्यांचे वैभवच असते. त्रिविक्रम भारतींनी बाह्य लक्षण पाहून निर्णय केला. सामान्य माणूस याहून वेगळे काय करणार?

आता श्रीगुरूंचे वर्तन पाहावे. गावचा अधिपती त्यांच्या शब्दात होता. टीकाकाराला बोलावून जाब विचारणे सहज शक्य होते. त्याचा मठ बंद करवणे, त्याला गावाबाहेर काढवणे यांतले काहीही अशक्य नव्हते. श्रीगुरूंनी यांपैकी काहीच केले नाही. ते स्वतः कुमसीस गेले आणि ज्या लवाजम्यावर आक्षेप होता, तोच लवाजमा बरोबर घेऊन गेले. आरोप झाल्यावर वैभव लपवून साधेपणाचा देखावा करणे हाही दंभच ठरला असता.

त्या दिवशी त्रिविक्रम भारतींच्या मानसपूजेत आराध्य मूर्ती स्थिर होईना. नदीकाठी त्यांना समोरून सैन्य येताना दिसले आणि त्या सैन्यातील प्रत्येक माणूस दंडधारी संन्यासी दिसू लागला. त्यांत श्रीगुरू कोणते, हे त्यांना ओळखता येईना. ते शरण गेले. मग श्रीगुरूंनी त्यांना दंभ कशाला म्हणावे हे विचारपूर्वक ठरवण्यास सांगितले आणि कृपा केली.

या दर्शनाचा अर्थ अनेकांनी अनेक प्रकारे लावला आहे. आमच्या अल्पमतीस तो असा वाटतो. ज्या चित्तात वैराग्य आहे, त्याच्या भोवतीचे वैभवही वैराग्यरूप होते. उलट ज्या चित्तात लोभ आहे, त्याने भगवी वस्त्रे नेसली तरी ती दरबारी पोशाखासारखीच असतात. पण याहून महत्त्वाची गोष्ट पुढची आहे. टीका करणारे त्रिविक्रम भारती श्रीगुरूंचे निष्ठावंत शिष्य झाले आणि श्रीगुरूंनी त्यांच्याविषयी मनात अढी ठेवली नाही. खऱ्या आणि खोट्या साधूतला फरक टीकेच्या प्रसंगी चटकन दिसतो. खोट्याला टीकाकार नाहीसा व्हावा असे वाटते, तर खऱ्याला त्याचा संशय नाहीसा व्हावा असे वाटते.

जयपत्रे मागणारे दोन पंडित

काही काळाने दोन ब्राह्मण पंडित याच त्रिविक्रम भारतींकडे आले. ते वेदांत पारंगत होते. परंतु धनाच्या आशेने ते बिदरच्या राजदरबारी वेदपठण करून अर्थ सांगत आणि राजाश्रयाच्या बळावर गावोगाव जाऊन विद्वानांना वादाचे आव्हान देत. जो वाद करणार नाही, त्याने आपण हरलो असे जयपत्र लिहून द्यावे, असा त्यांचा आग्रह असे. अशी पुष्कळ जयपत्रे त्यांच्याजवळ जमली होती.

त्रिविक्रम भारतींनी वाद न करता त्यांना गाणगापुरास नेले. पोथीने एक बारकावा टिपला आहे. वृद्ध यती पायी चालत होते आणि हे पंडित मात्र वाहनात आरूढ होते. एकाच ग्रंथात ही दोन वाहने जवळजवळ येतात. श्रीगुरूंना पालखीत दुसऱ्याने आग्रहाने बसवले होते. हे पंडित स्वतःचा मान मिरवण्यासाठी बसले होते आणि शेजारी एक तपस्वी पायी चालत असल्याची त्यांना लाजही वाटली नाही. त्यामुळे वाहनावरून माणसाची परीक्षा होत नाही. ते कोणी दिले, कशासाठी घेतले आणि बसल्यावर शेजारच्या माणसाकडे लक्ष राहिले की नाही, यावरून ती होते.

श्रीगुरूंनी त्यांना वेदांचा विस्तार अमर्याद असल्याचे समजावून गर्व सोडण्यास सांगितले. ते ऐकेनात. तेव्हा श्रीगुरूंनी रस्त्याने जाणाऱ्या, समाजाने अस्पृश्य मानलेल्या एका माणसाला बोलावले. भूमीवर सात रेषा काढल्या. एकेक रेषा ओलांडताच त्याला पूर्वजन्मांची स्मृती येऊ लागली आणि शेवटी तो वेद म्हणू लागला. पंडित भयभीत झाले. विद्येच्या दुरुपयोगाचे फळ म्हणून त्यांना १२ वर्षे ब्रह्मराक्षस होऊन राहावे लागले.

हा ग्रंथ आपल्या काळाच्या वर्णव्यवस्थेत राहूनच बोलतो. पुढे तो माणूस आपल्या पूर्वीच्या स्थितीत परत जातो, ही गोष्ट आजच्या वाचकाला खटकल्यावाचून राहणार नाही आणि ती झाकून ठेवण्याचे कारणही नाही. तरीही त्या सभेत जे घडले ते लहान नव्हते. विद्येला विक्रीचा माल केलेल्या जिव्हा मुक्या झाल्या आणि ज्याला बोलण्याचा अधिकारच नाकारला होता, त्याच्या मुखातून वेद प्रकटले. यात दोष दरबाराचा नव्हता, राजाच्या धर्माचाही नव्हता. ज्याने आपल्याजवळचे पवित्र धन बक्षिसासाठी बाजारात मांडले, दोष त्याचा होता.

न वाकणारा कवी

याच्या उलट उदाहरण नरहरी कवीचे आहे. हिप्परगी गावी कल्लेश्वराचे स्थान आहे. नरहरी हा कल्लेश्वराचा एकनिष्ठ भक्त. तो रोज देवाची स्तुती करणारी पाच नवी कवने रची. श्रीगुरू त्या गावी एका भक्ताच्या घरी आले असता, त्यांच्यावर काव्य करावे असे लोकांनी नरहरीला सुचवले. आपली वाणी कल्लेश्वरास वाहिलेली आहे, मनुष्याची स्तुती करणार नाही, असे म्हणून त्याने नकार दिला. ज्यांच्यापुढे गावचा अधिपती नमला, त्यांच्यापुढेही हा कवी नमला नाही.

श्रीगुरूंना राग आला नाही. पूजा करताना नरहरीस निद्रा लागली आणि लिंगाच्या ठायी श्रीगुरूच बसलेले त्यास दिसले. तो धावत आला आणि त्याने क्षमा मागितली. श्रीगुरूंनी हसून त्याचा स्वीकार केला आणि कल्लेश्वराची पूजा सोडू नकोस, आमचा वास तेथेच आहे, अशा आशयाचा उपदेश केला. स्तुती करण्यास नकार देणारा कवी त्यांना प्रिय झाला, स्तुतीचा बाजार मांडणारे पंडित झाले नाहीत. मोठ्या माणसाभोवती कोण टिकते, स्तुतिपाठक की स्वाभिमानी, यावरून त्या मोठेपणाची जात ओळखावी.

मळ्यातला शेतकरी आणि गावचा अधिकारी

श्रीगुरू संगमावर जाता-येता एक शेतकरी रोज शेतातून धावत येऊन नमस्कार करी. त्याचे नाव पर्वतेश्वर. एके दिवशी श्रीगुरूंनी त्याला उभे, अर्धवट वाढलेले जोंधळ्याचे पीक माध्यान्हापूर्वी कापून टाकण्यास सांगितले. पीक कापायचे तर शासनाचा वाटा बुडणार. शेतकरी अधिकाऱ्याकडे गेला आणि गतवर्षीच्या दुप्पट धान्य देण्याचे लिहून देऊन परवानगी आणली. बायकामुले आकांत करीत असता त्याने शेत कापले. पुढे अवकाळी पाऊस व थंडीने आसपासची पिके गेली आणि याच्या शेतातील खुंटांना असंख्य कणसे आली.

या कथेत श्रद्धेचा महिमा आहेच, पण अधिकाऱ्याचे वर्तनही पाहण्यासारखे आहे. शेतकऱ्याने आनंदाने ठरल्यापेक्षा कितीतरी अधिक, निम्मा वाटा देऊ केला. अधिकाऱ्याने मात्र तो घेतला नाही. हा गुरुकृपेने मिळालेला तुझाच ठेवा आहे, असे त्याने मानले. चालून आलेले जास्तीचे धान्य नाकारणारा हा अधिकारी पोथीत दोन-चार ओव्यांपुरताच येतो. श्रीगुरूंच्या सहवासात असलेल्या गावचा कारभार कसा असावा, हे मात्र तो दाखवून जातो.

बिदरचा सुलतान

बहामनी राज्याची स्थापना १३४७ मध्ये झाली आणि त्याची राजधानी गुलबर्गा येथे, म्हणजे आजच्या कलबुर्गीत होती. पुढे सुलतान अहमदशाह वली याने पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात राजधानी बिदरला नेली. श्रीगुरूंचे गाणगापुरातील सुमारे दोन तपांचे वास्तव्य बिदरच्या याच वैभवकाळात झाले. पोथीत बिदरला वैदुरानगर म्हटले आहे आणि तेथील सुलतानाची कथा पन्नासाव्या अध्यायात आली आहे. अनेक अभ्यासक हा सुलतान म्हणजे १४३६ ते १४५८ या काळात राज्य करणारा अलाउद्दीन अहमदशाह दुसरा असावा असे मानतात.

कथेनुसार हा सुलतान पूर्वजन्मी श्रीपाद श्रीवल्लभांची सेवा करणारा एक रजक होता. राजवैभव पाहून त्याच्या मनात वासना उठली आणि त्याला राजाचा जन्म मिळाला. राजा झाल्यावर तो उदार वृत्तीने राज्य करी, परधर्मीयांची देवस्थाने दूषित करण्याचा सल्ला तो मानत नसे. त्याच्या मांडीवर एक असाध्य स्फोटक उठला. वैद्य हरले. शेवटी तो गाणगापुरास आला. गावकरी घाबरले, पण तो नम्रपणे संगमावर गेला. श्रीगुरूंनी त्याला रजक म्हणूनच हाक मारली. सुलतानाला पूर्वस्मृती झाली आणि व्याधी नाहीशी झाली. त्याला सर्वांत मोठी उपाधी मिळालेली असताना श्रीगुरूंनी त्याचे सर्वांत साधे नाव उच्चारले, हे येथे ध्यानात घ्यावे.

सुलतानाच्या विनंतीवरून श्रीगुरू बिदरला गेले. येथे तिसरी पालखी येते. सुलतानाने त्यांना पालखीत बसवले, त्यांच्या पादुका स्वतः हाती घेतल्या आणि पायी चालू लागला. श्रीगुरूंनी त्याला थांबवले आणि घोड्यावर बसण्यास सांगितले. राजाने असे चालल्यास प्रजेत त्याच्याविषयी विपरीत बोलले जाईल, राजाने राजधर्म सांभाळावा, असा त्यांचा भाव होता. आपल्यासमोर सत्ताधीश नमतो हे जगाला दाखवून देण्याची संधी आयती आली होती आणि ती त्यांनी नाकारली.

बिदरजवळच्या पापविनाशी तीर्थावर त्यांनी अनुष्ठान केले. ते स्थान आजही बिदर शहरात पापनाश म्हणून प्रसिद्ध आहे. तेथेच सायंदेवांचे पुत्र नागनाथ त्यांना भेटले आणि त्यांनी श्रीगुरूंना घरी नेऊन पूजा केली. म्हणजे सुलतानाच्या महालात जाण्याआधी त्यांचे पाय भक्ताच्या घराला लागले. महालात मानपूजा झाली. श्रीगुरूंनी देणग्या घेतल्या नाहीत, अधिकार मागितला नाही. सुलतानाने चरणसेवा मागितली, तेव्हा राज्य पुत्राला सोपवून श्रीशैलास यावे, असे त्यास सांगितले.

श्रीशैलगमन

बिदरहून परतल्यावर श्रीगुरूंनी जे ठरवले, तेच या चरित्राचे मर्म आहे. सुलतान दर्शनास येऊन गेल्यामुळे आता कीर्ती दूरवर पसरेल, सत्ताधीश आणि नाना जातींचे, नाना हेतूंचे लोक येऊ लागतील, म्हणून प्रकटपणे येथे राहू नये, असा विचार त्यांनी केला. ज्या क्षणी सामान्य मठाधिपतीला आपण कृतार्थ झालो असे वाटले असते, त्या क्षणी त्यांनी निरोप घेतला. परळीस त्यांनी हेच केले होते, नरसोबावाडीसही हेच केले होते.

गावातील आबालवृद्ध रडू लागले. आपण गुप्तरूपाने येथेच आहोत, असे आश्वासन देऊन आणि मठात निर्गुण पादुका ठेवून श्रीगुरू निवडक शिष्यांसह श्रीशैलास गेले. पाताळगंगेत पुष्पांचे आसन तयार करवून ते त्यावर बसले आणि कर्दळीवनाकडे निघून गेले. प्रसादाची फुले प्रवाहातून परत आली. हा दिवस बहुधान्य संवत्सरातील, शके १३८० मधील माघ वद्य प्रतिपदेचा, म्हणजे इ.स. १४५९ च्या आरंभीचा होय. हीच तिथी गुरुप्रतिपदा म्हणून साजरी होते.

गाणगापुरात आजही श्रीमंत आणि गरीब भाविक माध्यान्ही झोळी घेऊन पाच घरी माधुकरी मागतात, कारण श्रीगुरू त्या वेळी गावात भिक्षेस येतात अशी श्रद्धा आहे. पालखीत बसलेल्या या संन्याशाची आठवण लोकांनी भिक्षेच्या झोळीत जपली, हाच त्रिविक्रम भारतींच्या शंकेला काळाने दिलेला निर्वाळा म्हणावा लागेल.

आपल्यासाठी

याच भूमीत, बिदर जिल्ह्यातील कल्याण नगरीत, बाराव्या शतकात महात्मा बसवेश्वरांनी राज्याचा कारभार आणि शिवभक्ती एकत्र सांभाळली. सत्ता आणि धर्म यांचा संबंध या मुलखाला नवा नाही आणि त्या संबंधातून उपजणारा दंभही नवा नाही. आज राजकीय पुढारी मंदिरात येतात, साधुसंत व्यासपीठावर बसतात, हार-तुरे आणि छायाचित्रे होतात. मान देण्यात गैर काही नाही. परंतु मान घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला श्रीगुरूंच्या चरित्रातून काही प्रश्न विचारता येतात. तो आपल्या टीकाकाराशी कसा वागतो? शेजारी पायी चालणारा त्याला दिसतो का? त्याची स्तुती न करणाऱ्याला त्याच्याकडे जागा आहे का? ठरल्यापेक्षा जास्त मिळत असेल, तर तो नको म्हणतो का? आणि सर्वोच्च सन्मानाच्या वेळी त्याला तेथून उठता येते का?

हे प्रश्न इतरांना विचारणे सोपे आहे. देवस्थानांचे विश्वस्त, सेवेकरी आणि भाविक या नात्याने ते प्रथम आपण स्वतःला विचारावेत. देणगीदाराच्या नावाची पाटी केवढी असावी, दर्शनाच्या रांगेत कोणाला आधी सोडावे, अन्नदानाच्या पंगतीत कोण कोठे बसावे, अशा लहान गोष्टींतच आपली परीक्षा रोज होत असते. गुरुचरित्राचे पारायण सात दिवसांत पूर्ण होते. त्यातील ही शिकवण आचरणात आणण्यास मात्र सारे आयुष्य लागते. ती आचरण्याचे बळ श्रीगुरूंनी आपणां सर्वांना द्यावे, हीच त्यांच्या चरणी प्रार्थना.

॥ श्रीगुरुचरणारविंदार्पणमस्तु ॥